एक सुई पुरते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याचे नाव चारचौघांत कोणी घेत नाही. मराठीत त्याला गरमी म्हणतात. वैद्यांचा शब्द उपदंश. आमच्या मोहल्ल्यातली जुनी माणसे त्याला आतशक म्हणत. आतश म्हणजे आग. म्हणजे एकाच गावातल्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, या आजाराला उष्णतेचेच नाव दिले. डॉक्टर त्याला सिफिलिस म्हणतात.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे एक छोटे उत्तर असे की सिफिलिस हे नाव एका कवितेतून आलेले आहे. इटलीतल्या व्हेरोना शहरात जिरोलामो फ्राकास्टोरो नावाचे एक वैद्य होते. ते कवीही होते. १५३० साली त्यांनी या रोगावर लॅटिन भाषेत एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. त्यात सिफिलस नावाचा एक मेंढपाळ आहे. तो देवाचा अपमान करतो आणि शिक्षा म्हणून त्याला हा रोग होतो. पुढे त्या मेंढपाळाचे नाव रोगाला कायमचे चिकटले. रोगाबरोबर शिक्षेची कल्पनाही चिकटली. कवीने लावलेला हा डाग आहे, तेव्हा तो पुसायला एखाद्या कवीने थोडा हातभार लावावा, एवढेच माझे म्हणणे.

त्या काळी प्रत्येक देशाने हा रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकला. इटलीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात त्याचे नाव आहे फिरंग रोग. फिरंगी लोक आले आणि त्यांच्याबरोबर हा आजार आला, असा त्याचा अर्थ. 'हा आमचा नव्हे' असे प्रत्येकाने म्हटले आणि तो मात्र सगळ्यांचा झाला.

आता मूळ विषयाकडे येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा प्रश्न साधा होता. या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन द्यावे, की आठवड्याच्या अंतराने तीन द्यावीत? उत्तर आले की एक पुरते. ऐकायला ही बातमी छोटी वाटते. पण ज्याला शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या पाड्यावरून मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागते, त्याला ही बातमी किती मोठी आहे, ते पुढे सांगतो.

आधी या उपचाराची लांबी कशी कमी होत गेली ते पाहू. शेकडो वर्षे या रोगावर पारा देत असत. पोटात देत, अंगाला चोळत, त्याची धुरीही देत. आपल्याकडे वैद्य रसकापूर आणि चोपचिनी वापरत. रसकापूर हा पाऱ्याचाच प्रकार. रोग्याचे दात हलत, तोंडातून सारखी लाळ गळे, आणि रोग बरा झाला की दबला, हे कोणालाच सांगता येत नसे. १९१० साली जर्मनीत पॉल एर्लिख आणि जपानी शास्त्रज्ञ साहाचिरो हाता यांच्या संशोधनातून साल्वरसान नावाचे औषध बाजारात आले. ते संखियापासून, म्हणजे आर्सेनिकपासून बनवलेले होते. त्याने गुण येई, पण त्याची इंजेक्शने वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागत. एवढे दिवस नेमाने जाणारे रोगी थोडेच असत. निम्म्या वाटेवर बरे वाटू लागले की माणूस जाणे सोडून देई.

मग पेनिसिलिन आले. १९४३ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या रुग्णालयात डॉ. जॉन महोनी यांनी चार रुग्णांवर ते वापरून पाहिले. दर चार तासांनी एक इंजेक्शन, रात्रंदिवस, सलग आठ दिवस. म्हणजे एका रुग्णाला अठ्ठेचाळीस सुया. तरीही दीड वर्षाचे काम आठ दिवसांवर आले. साध्या पेनिसिलिनची अडचण अशी होती की ते शरीरात टिकत नाही. काही तासांत लघवीवाटे निघून जाते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिन तयार झाले. ते स्नायूत खोल टोचले की तिथेच साठून राहते आणि दोन-तीन आठवडे थोडे थोडे रक्तात उतरत राहते. चोवीस लाख युनिटचे एकच इंजेक्शन, बहुधा दोन्ही कुल्ल्यांवर अर्धे अर्धे. औषध दुधासारखे पांढरे आणि दाट असते. सुई जाडी लागते आणि दुखते, हे खरे आहे. पण अठ्ठेचाळीस सुयांपुढे एक दुखरी सुई परवडली.

आपल्या देशात हे औषध पोचले त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. त्याआधी ते परदेशातूनच आणावे लागे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या वर्षांपूर्वी एक सुई पुरते असे ठरले होते, तर २०२५ साली नवे काय सिद्ध झाले? त्यासाठी या रोगाचा जंतू समजून घेतला पाहिजे. तो अगदी बारीक, स्क्रूच्या आट्यांसारखा वळलेला असतो. त्याची चाल संथ असते. पुष्कळसे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. पेनिसिलिन जंतूला मारते ते त्याची भिंत बांधली जात असताना, म्हणजे तो वाढत असताना. जो सावकाश वाढतो त्याला मारायला औषध रक्तात बरेच दिवस राहिले पाहिजे. ते जास्त नसले तरी चालते, पण त्यात खंड पडता कामा नये. बेंझाथिन पेनिसिलिन नेमके हेच काम करते. आणखी एक दिलाशाची गोष्ट अशी की इतकी वर्षे वापरूनही हा जंतू पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही.

तरीही अनेक डॉक्टरांच्या मनात धाकधूक होती. विशेषतः एचआयव्ही आला तेव्हापासून. ज्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्याला एक इंजेक्शन कसे पुरेल, असे वाटून पुष्कळ ठिकाणी तीन देण्याची रीत पडली. औषध थोडे जास्त गेले तर काय बिघडते, असा हा हिशेब. मधल्या काळात, १९९७ साली, अमेरिकेतलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एका इंजेक्शनाला दहा दिवसांच्या जादा गोळ्यांची जोड दिली, तरी अधिक फायदा दिसला नव्हता. पण एक विरुद्ध तीन असा सरळ सामना नीट झालेला नव्हता. तो या वेळी झाला.

अमेरिकेतल्या दहा केंद्रांवर २४९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला एक इंजेक्शन, दुसऱ्याला तीन. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना एचआयव्हीची लागण होती. सहा महिन्यांनी सर्वांचे रक्त तपासले. एका इंजेक्शनाच्या गटात १०० पैकी ७६ जणांच्या रक्तात अपेक्षित उतार दिसला, तीन इंजेक्शनांच्या गटात १०० पैकी ७० जणांच्या. म्हणजे जादा दोन सुयांनी जादा काही पदरात पडले नाही. एचआयव्ही असलेल्यांमध्येही नाही.

हे आकडे ऐकून कोणी घाबरेल, की मग उरलेले २४ जण बरे झालेच नाहीत की काय. तसे नाही. या आजारात व्हीडीआरएल किंवा आरपीआर नावाची रक्ततपासणी करतात. तिचे उत्तर एकास बत्तीस, एकास सोळा, एकास आठ अशा पायऱ्यांनी येते. उपचारानंतर ती दोन पायऱ्या उतरली, म्हणजे एकास बत्तीसवरून एकास आठवर आली, की उपचार लागू पडला असे धरतात. काही माणसांचे रक्त सावकाश उतरते, त्यांना सहा महिने पुरत नाहीत. म्हणूनच सुई घेतल्यानंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासून घ्यायचे असते.

पण या बातमीवरून एक चुकीचा समज होऊ शकतो, तो आत्ताच दूर करतो. उपचार आखूड झाला म्हणजे चांगलाच झाला, असा नियम नाही. लैंगिक संबंधातून होणारे इतर आजार पाहा. क्लॅमिडिया नावाच्या आजारावर ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने काम भागते असे वर्षानुवर्षे मानले जाई. नंतर दिसले की डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सात दिवस घेतल्या तर गुण अधिक खात्रीने येतो. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात सात दिवसांचा उपचार पहिल्या क्रमांकावर आला. ट्रायकोमोनास नावाच्या आजारातही तेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेट्रोनिडॅझोलची एकच मोठी मात्रा घेतलेल्या १०० स्त्रियांपैकी १९ जणींमध्ये जंतू पुन्हा सापडला, सात दिवस गोळ्या घेतलेल्या १०० पैकी ११ जणींमध्ये. म्हणजे तिथे उपचार लांबवावा लागला. आणि परमा, ज्याला आमच्याकडे सुजाक म्हणतात, त्याच्या जंतूने तर एकामागून एक औषधे निकामी करून टाकली. एके काळी तोही पेनिसिलिनने बरा होई. आता होत नाही. तेव्हा एका आजाराचा हिशेब दुसऱ्याला लावता येत नाही. कोणता आजार आहे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मेडिकल दुकानात जाऊन 'मागच्या वेळी दिली होती तीच गोळी द्या' असे म्हणायचे नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एक सुई पुरते ती आजाराच्या सुरुवातीच्या काळात. रोग जुना झाला असेल, किंवा किती जुना आहे हेच कळत नसेल, तर आजही आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने घ्यावी लागतात. नव्या अभ्यासाने त्यात बदल झालेला नाही. मेंदूपर्यंत किंवा डोळ्यापर्यंत रोग पोचला असेल तर रुग्णालयात दाखल होऊन वेगळा उपचार घ्यावा लागतो.

सगळा पेच इथेच आहे. हा आजार सुरुवातीला दुखत नाही. गुप्तांगावर एक फोड किंवा जखम होते. ती ठणकत नाही, खाजत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत काही न करता बरी होते. माणसाला वाटते, सुटलो. बाईच्या बाबतीत तर जखम आत असली म्हणजे तिला ती दिसतही नाही. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, कधी तळहातांवर आणि तळपायांवर. तेही आपोआप जाते. मग रोग वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहतो आणि काही जणांत पुढे हृदयाला, मेंदूला धरतो. म्हणजे ज्या काळात एका सुईने काम होते, नेमक्या त्याच काळात माणूस गाफील असतो किंवा लाजेने गप्प असतो.

आपल्या खान्देशाचा विचार करा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रावेर-सावद्याची केळी ट्रकमधून उत्तरेकडे जातात. साक्री-शिरपूरकडची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. जो माणूस आज धुळ्यात आणि आठ दिवसांनी इंदूरच्या पलीकडे आहे, त्याला 'पुढच्या मंगळवारी या आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा या' असे सांगून काय उपयोग? तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी, तीनदा एसटीचे भाडे आणि घरी तीनदा सांगायची तीन वेगळी कारणे. बाईमाणसाला तर एकदाचे कारण शोधणेही अवघड. मधले अंतर फार वाढले तर इंजेक्शने पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येते. आता लवकर आलेल्या माणसाला डॉक्टर निर्धास्तपणे म्हणू शकतात की आज, इथेच, एका सुईत काम होईल. पण त्यासाठी त्याने लवकर यायला हवे. वेळेवर आला तर एक सुई, लाजत बसला तर तीन. औषधशास्त्राने उपचार आखूड केला आहे. तो पुन्हा लांबवते ती आपली लाज.

एका सुईची ताकद आपल्या देशाने एकदा पाहिली आहे. या जंतूच्या जवळच्या नात्यातला एक जंतू यॉज नावाचा त्वचारोग करीत असे. तो लैंगिक संबंधातून होत नसे, साध्या स्पर्शाने पसरत असे, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या दुर्गम आदिवासी भागांत होता. १९९६ साली ओरिसातल्या कोरापूट जिल्ह्यातून त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी घरोघर गेले, रोगी शोधले, त्याला आणि त्याच्या सहवासातल्या माणसांना बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन दिले. शेवटचा रुग्ण २००३ साली नोंदला गेला आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथे एक सुई पुरली, कारण त्या आजाराची कोणाला लाज नव्हती. कर्मचारी दारात उभा राहून मोकळेपणाने विचारू शकत होता.

लाजेची किंमत सर्वांत जास्त बायका मोजतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या १०० पैकी फक्त ८. सगळ्याच सिफिलिसच्या होत्या असे नाही. पण बाई सांगत नाही, म्हणून तिला काही नाही, हा समज त्या आकड्यांनी मोडून काढला.

गरोदर बाईच्या बाबतीत तर हा प्रश्न दोन जिवांचा असतो. उपचार झाला नाही तर गर्भपात होऊ शकतो, मूल पोटातच दगावू शकते किंवा जन्मतःच रोग घेऊन येऊ शकते. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत या आजारासाठी रक्त तपासून घ्यायचे असते. त्याला नकार देऊ नये, उलट 'ही तपासणी झाली का?' असे स्वतःहून विचारावे. गरोदरपणात पेनिसिलिन हाच खात्रीचा उपचार आहे, कारण तेच बाळापर्यंत पोचून त्यालाही बरे करते. ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवे. तपासणीत दोष निघाला म्हणून सुनेच्या चारित्र्याचा पंचनामा करायला बसू नये. पुष्कळदा हा रोग नवऱ्याकडूनच आलेला असतो. त्यालाही त्याच वेळी सुई मिळाली पाहिजे, नाहीतर तिला पुन्हा लागण होईल आणि केलेला उपचार वाया जाईल.

पेनिसिलिनची भीतीही बोलून टाकली पाहिजे. काही माणसांना या औषधाची ॲलर्जी असते आणि क्वचित ती जिवावर बेतते. त्या धास्तीने आपल्याकडे पुष्कळ खासगी दवाखान्यांत हे इंजेक्शन देतच नाहीत. भीती अगदी निराधार नाही, पण अशी गंभीर ॲलर्जी विरळा असते. सुई घेण्याआधी 'पूर्वी कधी औषधाने अंगावर गांधी उठल्या का, दम लागला का' हे डॉक्टर विचारतात. त्याचे खरे उत्तर द्यावे आणि सुई घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. ज्याला हे औषध चालतच नाही, अशा गरोदर नसलेल्या रुग्णाला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, रोज दोन, चौदा दिवस. आणखी एक. सुईनंतर पहिल्या दिवशी काहींना ताप येतो, थंडी वाजते, अंग दुखते. ती बहुधा ॲलर्जी नसते. जंतू एकदम मेल्यामुळे ते होते आणि दिवसभरात उतरते. हे आधी माहीत नसले की माणूस घाबरतो आणि गावभर सांगतो की सुई अंगावर आली. दम लागला किंवा चेहरा सुजला तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

या विषयावर मराठीत उघड बोलणारा माणूस फार पूर्वी होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलेले नव्हते. रोग टाळणे हाच काय तो खात्रीचा उपाय होता, आणि तेवढे सांगितल्याबद्दल माणसाला कोर्टात उभे राहावे लागत होते. आज औषध आहे, ते एका सुईत मावते, आणि आपण अजूनही एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोगावर हमखास इलाज'कडे चोरून पाहतो. अमुक तारखेला अमुक लॉजमध्ये भेटणाऱ्या त्या इलाजवाल्याकडे शेकडो रुपयांच्या पुड्या मिळतात. त्या पुड्या खात असताना मोलाचे आठवडे निघून जातात आणि एका सुईचा रोग तीन सुयांचा होतो.

खरा इलाज भिंतीवर रंगवलेला नसतो, म्हणून पत्ता सांगतो. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या आजारांसाठी सरकारी क्लिनिक असते. त्याला सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथे तपासणी आणि औषध मोफत असते आणि नाव गुप्त ठेवतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा फोन क्रमांकही मोफत आहे. फोनवर समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तेव्हा निदान तेवढे तरी करता येईल. जोडीदारालाही बरोबर न्या. उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळा. त्यानंतर निरोध वापरा. सांगितलेल्या तारखेला रक्त पुन्हा तपासून घ्या.

फ्राकास्टोरोच्या मेंढपाळाला देवाचा शाप होता. आपल्याला जंतूची लागण होते आणि जंतूवर औषध आहे. न दुखणारी जखम दिसली तर ती बरी होण्याची वाट पाहू नका. ती असतानाच दवाखान्यात जा.